जागल्याच्या पाठीशी कोण?

इचलकरंजीचा दत्ता पाटील मारला गेला त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. मे २०१० ची गोष्ट. परवा आमच्या बैठकीत हे नाव घेतलं तर चौदा पोरांतल्या दोघांनी मान हलवली. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. कोण हा? कुठल्या गटाचा? आपला का त्यांचा?

दोस्तहो, दत्ता पाटील हा माहितीच्या अधिकाराखाली कागद मागणारा माणूस होता. अण्णा हजारेंच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात काम करायचा. त्याच्या पाठपुराव्यामुळं एका पोलीस उपअधीक्षकाला आणि एका वरिष्ठ निरीक्षकाला खुर्ची सोडावी लागली, नगरपालिकेतल्या काही नगरसेवकांवर कारवाई व्हावी म्हणून तो मागं लागला होता, असं त्या वेळच्या बातम्यांत आहे. मग एके दिवशी त्याचं प्रेतच सापडलं. कोल्हापूरहून इचलकरंजी एस.टी.नं तासाभराचा रस्ता. तेवढ्या अंतरावर कागद मागणारा माणूस संपवला गेला आणि आम्हाला त्याचं नाव ठाऊक नाही!

आमचं आणि अण्णांचं कधी जमलं नाही, हे लपवायचं कारण नाही. जातीचा 'ज' न उच्चारता भ्रष्टाचार संपवायला निघालेल्या टोपीवाल्यांवर आम्ही याच पानांतून हसलो आहोत. पुन्हा हसू. पण मेलेल्या माणसानं कागद मागताना जोखीम घेतली होती, आणि आम्ही हसताना काहीच घेतली नव्हती. हे आधी कबूल करू, मग पुढं बोलू.

त्या वर्षाचा नुसता हिशेब मांडा. १३ जानेवारी २०१०, तळेगाव दाभाडे. सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडलेला, तिथंच त्याला तोडला. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गाच्या आजूबाजूच्या जमिनींचे व्यवहार तो उघडे पाडत होता. त्यानं पोलीस संरक्षण मागितलं होतं. मिळालं नाही. फेब्रुवारीत बदलापूरला अरुण सावंत यांच्यावर गोळ्या. एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात विठ्ठल गिते. गावातल्या शिक्षणसंस्थेचा कारभार त्यानं चव्हाट्यावर आणला होता. आणि मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात दत्ता पाटील. पाच महिन्यांत चार माणसं. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र, असं व्यासपीठावरून घसा फाटेस्तोवर सांगणाऱ्या या महाराष्ट्रात! सतीश शेट्टीचा तपास सी.बी.आय.कडं गेला. २०१४ साली फाईल बंद करायचा अहवाल, मग पुन्हा उघडली, २०१८ साली पुन्हा बंद. भर रस्त्यात तलवारीनं माणूस तोडला जातो आणि मारणारा कोण हे या देशाच्या सगळ्यात मोठ्या तपास यंत्रणेला कोर्टात सिद्ध करता येत नाही.

काय मागत होती ही माणसं? सत्ता? जमीन? पैसा? कागद मागत होती. दोन रुपयाला एक पान मिळणारी झेरॉक्स. एवढ्याशा झेरॉक्ससाठी कुणी माणूस का मारतं?

हे समजायचं तर पांढरपेशांच्या चर्चासत्रात जाऊन उपयोग नाही. आपल्याच बापजाद्यांकडं बघावं लागेल. आतली चोरी बाहेर सांगणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रं आताशा 'जागल्या' म्हणतात. छान शब्द काढला, म्हणून विद्वान एकमेकांची पाठ थोपटतात. अरे, जागल्या हा काय कुणाच्या कल्पनेतून पडलेला शब्द आहे? गावगाड्यात जागल्या होता. महार, मांग, रामोशी, बेरड, ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणं. रात्रभर जागायचं, वेशीवर उभं राहायचं, चोर दिसला की ओरडायचं. आणि चोर सापडला नाही तर? तर जागल्यालाच धरायचं! चोरीचा माल भरून दे, नाहीतर फटके खा. गाव झोपणार, जागल्या जागणार, आणि चोरीची शिक्षाही जागल्यालाच. सतीश शेट्टी, दत्ता पाटील यांचं दुसरं काय झालं? गाव बदललं, शिरस्ता तोच.

आणखी एक. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की साक्षीला महाराला बोलवायचे. शिव कुठून जाते, दगड कुठं पुरलाय, ओढा कधी फिरला, हे सगळं आमच्या आज्ज्याच्या डोक्यात. जमिनीची माहिती आमच्याकडं होती, जमीन नव्हती. आणि लिहिलेला कागद कुलकर्ण्याकडं. त्यानं काय लिहिलं हे आम्ही वाचायचं नाही, वाचता यायचं नाही, वाचायला शिकायचंही नाही. दप्तर लाल फडक्यात बांधून कुलकर्ण्याच्या माडीवर. सावली पडली तरी विटाळ. तेव्हा माहितीचा अधिकार हा दिल्लीत २००५ साली जन्मला असं आम्हाला कुणी शिकवू नये. जोतिबांनी कुलकर्ण्याच्या लेखणीचे कसब उघडं केलं तेव्हापासूनचं हे भांडण आहे.

आणि कोल्हापूरनं या भांडणात कधीकाळी पहिलं पाऊल टाकलं होतं, हेही आम्ही विसरलो. १९१८ साली शाहू छत्रपतींनी कुलकर्णी वतन खालसा केलं, पगारी तलाठी आणले, आणि अस्पृश्यांच्या पोरांना तलाठ्याच्या जागेवर बसवलं. लोकांना महाराजांचं आरक्षण आठवतं, वसतिगृहं आठवतात. पण दप्तर काढून घेणं ही किती मोठी गोष्ट होती! ज्याच्या सावलीनं दप्तर बाटत होतं त्याच्याच मांडीवर दप्तर! २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम तर त्यांनी करवीरच्या गॅझेटातच छापून टाकला. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं आणि ज्याला जळायचं त्यानं जळावं. आज साध्या भरतीची बिंदुनामावली बघायची म्हटली तरी अर्ज, अपील, दुसरं अपील. तलाठ्याला सरकारनं आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं आहे. दप्तर काय, आहे तिथंच आहे.

शहरात वाढलेल्या पोरांना वाटतं, कागद म्हणजे म्हाताऱ्यांचा उद्योग. मोर्चा काढू, पुतळ्याला हार घालू, फेसबुकवर तोफा डागू, पण जोडपत्र 'अ' कोण भरत बसणार? भावा, जरा ऐक. गायरानाचं उदाहरण घे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. त्या रेट्यातून पुढं सरकारी निर्णय निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय सांगतो की दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं १४ एप्रिल १९९० पर्यंतची असतील तर ती नियमित करा. ठीक. आता तुझ्या आज्ज्यानं १९८५ साली गायरान कसलं हे कोण सांगणार? गाव नमुना १-ई. अतिक्रमणाची नोंदवही. ती कुठं? कचेरीत. कुणाच्या ताब्यात? ज्यांचे पाहुणेरावळे त्या गायरानावर डोळा ठेवून आहेत त्यांच्या. वहीत आज्ज्याचं नाव आहे का नाही, एवढं एक पान तुझी जमीन राखतं किंवा घालवतं. इतक्या मोठ्या सत्याग्रहाचं फळ त्या एका पानात अडकून पडलं आहे.

आमच्यातल्याच एका पोरानं हे पान मागितलं होतं. गावाचं नाव छापत नाही, कचेरीचंही नाही; पोराला अजून त्याच गावात राहायचं आहे. सकाळी अकराला अर्ज दिला. आत शिपाई म्हणाला, कशाला भानगडीत पडतोस लेका. संध्याकाळी सहाला त्याच अर्जाची झेरॉक्स हातात घेऊन गावातली चार माणसं त्याच्या दारात! कायदा म्हणतो, माहिती तीस दिवसांत द्या. अर्जदाराला माहिती मिळायला पाच महिने लागले आणि अर्जदाराची माहिती गावाला सात तासांत मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला निरोप आला, उद्यापासून भांगलायला येऊ नको. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, ॲट्रॉसिटीचं कलम लागेल असं काही केलं नाही. फक्त चूल बंद केली. पोरगा पहिल्या अपिलापर्यंत तग धरून होता. मग गप बसला.

तेव्हा आम्ही कुठं होतो? सांगायला लाज वाटते. जयंतीच्या वर्गणीचे हिशेब करत होतो.

पाण्याचं घ्या. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. माणसं मेली. यंत्रमागावर राबणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी, नळाला येईल ते पिणारी माणसं. पंचगंगेत काय मिसळतं हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण त्या आठवड्यात नळाला काय येतं, पाण्याच्या तपासणीत काय निघालं, हे पाणी पिणाऱ्याला आधी कळायला नको? माहिती अधिकाराच्या कायद्यात चौथं कलम आहे. कुणी अर्ज करायची वाट न बघता कचेरीनं आपला कारभार स्वतःहून लोकांपुढं मांडावा, असं ते सांगतं. आणि जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी, असंही हाच कायदा सांगतो. तुमच्या वॉर्डात पाण्याचा अहवाल कुठं लावलेला बघितलाय? आम्ही नाही बघितला. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते पाण्याला शिवायला. आज पाण्याला शिवता येतं, पाण्याच्या अहवालाला शिवता येत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. लोकशाहीर अण्णाभाऊ साठेंच्या नावानं महामंडळ निघालं. मातंग समाजाच्या पोरांना धंद्याला कर्ज मिळावं म्हणून. २०१५ साली त्याच महामंडळाच्या माजी अध्यक्षाला अटक झाली. आमदार होता तो. आरोप शेकडो कोटी रुपयांच्या अपहाराचा. निकाल कोर्ट देईल. पण ही रक्कम काही एका रात्रीत हलली नसेल. चेक लिहिणारे, नोंद करणारे, सही घेऊन जाणारे हात किती असतील! त्या हातांत आपले हातही असतील, कारण आरक्षणानं आपली माणसं आत बसली आहेत. क्लार्क आहेत, लेखापाल आहेत, शिपाई आहेत. ती सगळं बघतात. मग ओरडत का नाहीत?

ओरडली तर काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं म्हणून. वरचा साहेब ओरडला तर तो बाणेदार अधिकारी, त्याच्यावर अग्रलेख. आपला क्लार्क ओरडला तर पहिल्यांदा गोपनीय अहवाल खराब. मग बदली गडचिरोलीला. मग कुणीतरी निनावी पत्र टाकतं की याच्या जातीच्या दाखल्याची पुन्हा चौकशी करा. वीस वर्षं नोकरी केलेला माणूस आज्ज्याचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत गावोगाव फिरतो. चोरी करणारा मात्र आरामात. तेव्हा आतल्या माणसाला भित्रा म्हणायच्या आधी त्याच्यासाठी कायद्यानं काय ठेवलंय ते बघू.

कायद्यानं ठेवलंय ते असं. सत्येंद्र दुबे नावाचा इंजिनिअर होता, महामार्ग प्राधिकरणात. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातली लूट त्यानं थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहून कळवली आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. देशभर बोंब झाली. २००४ साली सरकारनं एक ठराव काढून दक्षता आयोगाकडं गुप्त तक्रारीची सोय केली. मग पक्का कायदा करायला आणखी दहा वर्षं. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा पुस्तकात आला. निनावी तक्रार चालत नाही, खोटी ठरली तर दोन वर्षं कैद, असली कुसळं त्यातही आहेत. तरी तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा अशी एक तरतूद कामाची होती. होती म्हणायचं, कारण तो कायदा लागूच केलेला नाही! अमुक तारखेपासून अंमल सुरू, एवढी एका ओळीची अधिसूचना काढायची असते. आजतागायत निघाली नाही. उलट २०१५ साली त्याचे दात काढणारी दुरुस्ती लोकसभेत पास करून घेतली. लागू न झालेल्या कायद्याला दुरुस्ती! सत्येंद्र दुबे मेला त्याला वीस वर्षांवर झाली आणि संरक्षण अजून छापखान्यात आहे.

माहितीच्या अधिकाराचंही तेच चाललंय, फक्त हळूहळू. २०१९ साली दुरुस्ती करून माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार केंद्र सरकारनं आपल्या हातात घेतले. महाराष्ट्राच्या आयोगापुढं २०२४ च्या मध्याला एक लाखाच्या वर अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठा घाव. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. याच्या ४४ व्या कलमानं माहिती अधिकाराचं ८(१)(ञ) कलम बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला सांगावं लागायचं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा त्यानं कुणाच्या खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते. आमदार-खासदारांना जी माहिती नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असंही तिथं लिहिलं होतं. आता ते सगळं पुसलं. माहिती वैयक्तिक आहे, एवढं म्हटलं की पुरे.

पांढरपेशांना हे फारसं टोचणार नाही. आम्हाला टोचेल. शिष्यवृत्ती कुणाच्या नावावर उचलली? वैयक्तिक माहिती. घरकुलाच्या यादीत कोण? वैयक्तिक. रेशनवर कुणाच्या नावानं धान्य गेलं? वैयक्तिक. आणि आपल्या राखीव जागेवर खोटा दाखला घेऊन बसलेला कोण? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की खोट्या जातीच्या आधारावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. बरं, पण आता त्याचा दाखला बघायला मागितला की उत्तर ठरलेलं! ज्यांनी हजार वर्षं आमची जात भर चावडीवर पुकारली त्यांना आता चोरलेल्या जातीचा खाजगीपणा जपायचा आहे. लक्षात ठेवा, कायद्याचं ८(२) कलम अजून शाबूत आहे: गुप्ततेपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात ते कलम ठळक लिहा, आणि ते हित काय आहे तेही लिहा.

मारले जाणारे सगळे 'ते' असतात असं ज्याला अजून वाटतं त्यानं गुजरातकडं बघावं. राजकोट जिल्ह्यातलं माणेकवाडा. नानजीभाई सोंदरवा, आपला माणूस. गावातल्या रस्त्यावर किती पैसा खर्च झाला एवढं त्यानं विचारलं. ९ मार्च २०१८ ला त्याला झोडपून मारला. खटला उभा राहिला. मे २०१९ मध्ये त्याच्या पोरालाही मारलं. बापलेक दोघंही गेले, एका रस्त्याच्या हिशेबापायी.

आता आपल्याच कानाखाली वाजवायची एक गोष्ट. माहिती अधिकाराच्या नावावर दुकान थाटलेले लोक आहेत. गळ्यात ओळखपत्र, गाडीवर 'आर.टी.आय. कार्यकर्ता', सकाळी अर्ज, दुपारी ठेकेदाराबरोबर जेवण, संध्याकाळी अर्ज मागं. त्यांत निळा गमछा घालणारेही आहेत. नावं आम्हाला ठाऊक आहेत, तुम्हालाही आहेत. हे लोक एकेक पाकीट खिशात घालतात आणि खऱ्या माणसाचा जीव स्वस्त करतात. कारण मग ठेकेदाराला वाटतं, प्रत्येकाची किंमत असते, आणि जो घेत नाही त्याचा काटा काढावा लागतो. असल्यांना आमच्या व्यासपीठावर जागा नाही. त्यांच्या पैशानं निघालेल्या जयंतीच्या मिरवणुकीलाही नाही. यावर कुणाला राग येणार असेल तर येऊ द्या.

पण जीव स्वस्त होण्याचं खरं कारण वेगळं आहे. माणूस एकटा मागतो. अर्जावर एक नाव, एक पत्ता, एक सही. तो एक माणूस गप केला की प्रश्न गप. राजस्थानातल्या मजुरांनी यावर उतारा काढला. मजूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा या गावी जनसुनावणी घेतली. हजेरीपटाचे कागद मिळवले आणि भर सभेत मोठ्यानं वाचले. अमुक इतके दिवस कामावर. तो म्हणे, मी कामाला गेलोच नाही. तमुक हजर. लोक म्हणाले, तो तर केव्हाच मेला. वाचणारा कुणीही असो, ऐकणारं आख्खं गाव. आता मारायचं कुणाला? त्याच मजुरांनी पुढं १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. देशाचा कायदा तिथून निघाला, दिल्लीच्या वातानुकूलित खोलीतून नव्हे.

आणि लांब कशाला जायचं? कोल्हापूरला हे जमतं. टोलच्या वेळी जमलं होतं. रस्त्यांचा ठेका कुठल्या अटींवर दिला, वसुली किती वर्षं, रस्ता खरोखर किती झाला, हे प्रश्न पानपट्टीवर विचारले जात होते. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं पुढं आणि मागं सगळं शहर. २०१५ च्या शेवटी टोल गेला. तो बघायला पानसरे राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या १६ फेब्रुवारीला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० ला ते गेले. तो खटला वेगळा. पण टोलच्या प्रश्नावर कुणा एकाला धमकावून काम भागलं नसतं, कारण प्रश्न सगळ्या शहराच्या तोंडात होता. मग गायरानाचा प्रश्न, शिष्यवृत्तीचा प्रश्न सगळ्या शहराच्या तोंडात का येत नाही? तो येणार नाही. तो आपल्यालाच आणावा लागेल, आणि आधी निदान आपल्या सगळ्या वस्त्यांच्या तोंडात तरी आणावा लागेल.

म्हणून ठरवलं आहे ते सांगतो. एका गायरानाची १-ई नोंदवही एकटा पोरगा मागणार नाही. पन्नास जण मागतील, पन्नास पत्त्यांवरून. सिद्धार्थनगर मागेल, राजेंद्रनगर मागेल, मुंबईतला चुलत भाऊ मागेल, पुण्यात शिकणारी बहीण मागेल. भारताच्या कुठल्याही नागरिकाला मागता येतं आणि कशासाठी मागतोस हे विचारायचा अधिकार अधिकाऱ्याला नाही, कलम ६(२). घरचा पत्ता देणं धोक्याचं वाटतं त्यानं पोस्ट बॉक्स नंबर द्यावा. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१३ साली तशी मुभा दिली आणि केंद्रानं जानेवारी २०१४ मध्ये तसं परिपत्रक काढलं आहे. मिळालेला कागद कुणाच्याही पेटीत राहणार नाही. ज्या दिवशी मिळेल त्या रविवारी चौकात वाचला जाईल, आणि या अंकात छापला जाईल. केंद्रीय माहिती आयोगानं सप्टेंबर २०११ मध्ये ठराव केला होता की अर्जदारावर हल्ला झाला तर त्यानं मागितलेली माहिती संबंधित खात्यानं स्वतःहून सगळ्यांसाठी जाहीर करावी. चांगला ठराव आहे. पण हल्ला होईपर्यंत कशाला थांबायचं? आधीच जाहीर झालेल्या कागदासाठी कुणी कुणाला मारत नाही.

आणि ज्या आईचं भांगलण बंद होईल तिच्या घरी दर आठवड्याला धान्य पोचेल. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा यंदा त्यासाठी बाजूला काढला आहे. डी.जे. लहान येईल. कुरकुर सुरू झाली आहे, ऐकू येते आहे.

आतल्या क्लार्क भावांना आणि बहिणींना एवढंच सांगायचं: तुमचं नाव आम्हाला नको. कुठल्या टेबलावर कुठल्या साली कुठली फाईल, एवढा आकडा कानावर घाला. ती फाईल आम्ही उघडपणे अर्ज करून मागू. कागद बाहेर येईल तो सरकारच्या शिक्क्यानं येईल, तुमच्या हातानं नाही.

कचेरीनं नकार दिला तर तीस दिवसांत पहिलं अपील. तिथंही नकार आला तर नव्वद दिवसांत पुण्याच्या खंडपीठाकडं दुसरं. तिथं फाईल कुजत पडली तर आता मुंबईला जायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रोडवर बसतं. याच रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं 'सत्यसुधारक' हॉटेल होतं. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगारामनं तक्रार महाराजांच्या कानावर घातली होती. पुढं त्याच्या हातचा चहा प्यायला महाराज स्वतः गाडी थांबवायचे. गंगारामची तक्रार ऐकणारा राजा होता. आमची ऐकायला वकील लागेल. दोघा वकिलांनी फुकट उभं राहायचं कबूल केलं आहे.

या अंकाबरोबर एक कोरा जोडपत्र 'अ' आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची झेरॉक्स जोडली तर तेही नको. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. शिव्या लिहू नका, त्या आम्ही इथं लिहितो. येत्या रविवारी सकाळी दहाला बिंदू चौकात जोतिबा आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांपाशी जमायचं, तिथंच पन्नास अर्ज भरायचे, सोमवारी सगळ्यांनी मिळून कचेरीत द्यायचे आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. येताना पेन आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही यावं. लिहून देणारी पोरं आहेत, अंगठा चालतो.